वावरातल्या रानमाशा मोजायच्या कशा: विदर्भातल्या सर्व्हेसाठी टप्प्याटप्प्यानं

कपाशी-तुरीला फुलं लागली की बीएस्सीची पोरं, ॲग्रीचे विद्यार्थी, गावातल्या जैवविविधता समितीची मंडळी रानमाशा, म्हणजे मधमाशी आणि तिच्या गोतावळ्यातल्या रानातल्या माशा, मोजायला वावरात उतरतात, आणि त्यातल्या बऱ्याच वह्या शेवटी कामाच्या राहत नाहीत. माशी ओळखता आली नाही हे कारण फार कमी वेळा असतं. खरं कारण असं की एका वावरात सकाळी नऊला अर्धा तास मोजलं, दुसऱ्यात दुपारी दोनला दहा मिनिटं, तिसऱ्यात दोघं जण जाळी घेऊन फिरले, चौथ्यात एक पण माशी दिसली नाही म्हणून काही लिहिलंच नाही, मग या चार वावरांची तुलना करायची कशी? जास्त माशा दिसल्या त्या वावर चांगलं म्हणून की तिथं जास्त वेळ थांबलो म्हणून, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. जाळी सातव्या टप्प्यावर आहे, पहिल्या नाही, आणि ते मुद्दाम आहे.

## टप्पा १: एकच प्रश्न ठरवा आणि कागदावर लिहा

"आमच्या भागातल्या माशांचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "धुऱ्यावर (बांधावर) झाडोरा ठेवलेल्या तुरीत आणि धुरा साफ केलेल्या तुरीत रानमाशा किती वेगळ्या" हा प्रश्न आहे. एक पीक, एक फरक, बस.

रानमाशा म्हणजे कोणत्या हेही आधीच ठरवा. बहुतेकांच्या डोळ्यासमोर मध देणारी माशीच येते, पण भारतात माशांच्या सातशेच्या वर जाती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकेकट्या राहतात, मोहोळ करत नाहीत, मध साठवत नाहीत. तुरीचं फूल उघडायला जोर लागतो आणि ते काम भुंगे (सुक्या लाकडात राहणाऱ्या मोठ्या काळ्या माशा) आणि पान कापणाऱ्या माशा चांगलं करतात. वांगं-टमाटरचे परागकण फूल थरथरवल्यावर बाहेर पडतात, ते निळ्या पट्ट्यांच्या माशीला, भुंग्याला जमतं, मधमाशीला जमत नाही. या माशा मोजल्याच नाहीत तर अर्धं चित्र हातातून गेलं.

## टप्पा २: वावरं निवडा, कास्तकाराशी बोला

तीन-चार वावरांवरून काही सिद्ध होत नाही. दोन्ही प्रकारची मिळून किमान दहा-बारा वावरं घ्या, आणि दोन वावरांमध्ये निदान एक किलोमीटर अंतर ठेवा. बारक्या माशा घरट्यापासून काहीशे मीटरच फिरतात, पण शेजारशेजारची दोन वावरं घेतली तर दोन्हीकडं त्याच माशा मोजल्या जातात. आग्या मधमाशी तर कित्येक किलोमीटर उडते, तिच्यासाठी एक किलोमीटर पण पुरत नाही, म्हणून तिचा आकडा निकालात वेगळा दाखवा.

पिकाचा वाण, पेरणीचा आठवडा, ओलिताचं की कोरडवाहू हे शक्य तितकं सारखं असू द्या. सगळ्यात मोठी चूक इथं होते: झाडोऱ्याची सगळी वावरं नाल्याकाठची आणि साफ धुऱ्याची सगळी वावरं माळावरची. मग फरक धुऱ्याचा की पाण्याचा?

कास्तकाराला न विचारता वावरात पाय टाकू नका. ओळख करून द्या, काय करणार, किती वेळा येणार ते सांगा, त्याच्या तोंडूनच माहिती घ्या.

"भाऊ, या हप्त्यात फवारा मारला का? कोणता? पुढचा कधी आहे?"

हे प्रत्येक भेटीत विचारायचं आणि वहीत औषधाचं नाव, तारीख लिहायची, डब्याचा फोटो मिळाला तर फारच चांगलं. कपाशीचं बियाणं बहुतेक वेळा कीटकनाशक लावलेलंच येतं, तेही नोंदवा. निंदण, डवरणी, ओलित कधी हे विचारून ठेवलं म्हणजे तुमची फेरी वाया जात नाही. आणि आसपास दोन-तीन किलोमीटरमध्ये कोणी मधपेट्या ठेवल्यात का हे नक्की विचारा, संत्र्याच्या किंवा कांद्याच्या बहराला पेट्या आल्या असतील तर तुमच्या वहीत पाळीव माशांचा पूर दिसेल आणि तुम्हाला वाटेल वावर फार समृद्ध आहे.

सावधान: रानडुकरांसाठी बऱ्याच वावरांच्या कुंपणात करंट असतो. झटका मशीन असते, कुठं कुठं तर थेट लाइनीचा तार जोडलेला असतो आणि तो जीव घेतो. कास्तकाराला विचारल्याशिवाय, अंधारात किंवा भल्या पहाटे, कुठल्याही तारेला हात लावू नका, ओलांडू नका.

वनजमिनीवर, अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत जाळी लावायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, वावर हद्दीला लागून असेल तर हद्द नेमकी कुठं ते आधी बघून घ्या. नमुने देशाबाहेर कोणाला ओळखायला पाठवायचे असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते, तो विषय शेवटी काढू नका.

## टप्पा ३: डोळा तयार करा

मोजणीच्या आधी काही दिवस नुसतं बघायला जा, हातात वही-पेन पण नको. पहिली गोष्ट शिकायची ती ही की फुलावर बसलेलं सगळं माशी नसतं. फुलमाश्या मधमाशीसारख्या पिवळ्या-काळ्या दिसतात, हवेत एका जागी थांबतात, पण त्यांना दोनच पंख, मिशा एवढ्याशा आणि डोळे जवळजवळ सगळं डोकं भरून. माशीला चार पंख आणि लांब, वाकलेल्या मिशा. गांधीलमाशी सहसा गुळगुळीत, कंबर बारीक, अंगावर केस कमी.

जातीपर्यंत ओळख वावरात उभं राहून होत नाही, तसा हट्ट धरू नका. गट करा, आणि गट सगळ्या टीमचे सारखे असू द्या:

- आग्या: मोठी, उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठं उघडं पोळं
- सातेरी: मध्यम, ढोलीत अनेक पोळी
- फुलोरी: लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस, झुडपात एकच छोटं उघडं पोळं
- पेटीतली युरोपियन माशी
- भुंगा: मोठा, बहुतेक काळा, निळसर झाक, आवाज मोठा
- पान कापणारी: पराग पायावर नाही, पोटाच्या खालच्या बाजूला
- निळ्या पट्ट्यांची: भरभर उडते, आवाज चढा, जीभ लांब
- डंख नसलेली, अगदी बारकी काळी माशी
- इतर बारक्या काळ्या किंवा हिरवट चमकदार माशा
- इतर, नीट दिसली नाही

शेवटचा गट लाजेचा नाही. जी नीट दिसली नाही ती तशीच लिहायची, अंदाजानं सातेरीत ढकलायची नाही.

तपासा: टीममधले दोघं एकाच ओळीत एकाच वेळी दहा मिनिटं वेगवेगळं मोजा, मग वह्या जुळवा. आकडे बरेच वेगळे आले तर अजून तयारी झाली नाही, मोजणी सुरू करू नका.

## टप्पा ४: सामान

पन्नास मीटरची टेप किंवा मोजलेली दोरी, दोन खुंट्या, घड्याळ, छापलेला तक्ता, पेन्सिल. एक मीटरचा चौकोन, प्लास्टिक पाइपचा घरीच करता येतो. जीपीएससाठी मोबाइल चालतो पण त्यात तापमान बघू नका, हवेचं साधं थर्मामीटर घेऊन सावलीत धरा. झाकणाच्या काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या, बर्फाचा छोटा डबा, मऊ कापडाची जाळी. पाणी, टोपी, पूर्ण बाह्या, घोट्यावर येणारे बूट. वावरात मण्यार, घोणस असते, चप्पल घालून तुरीत शिरणं बंद करा. अत्तर, वासाचं तेल लावून जाऊ नका.

## टप्पा ५: वेळ, इथंच सगळ्यात जास्त चुका

इंटरनेटवरच्या मार्गदर्शिका बऱ्याचदा थंड देशांच्या असतात, तिथं अमुक अंशाच्या वर ऊन असेल तरच मोजा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं अडचण उलटी आहे. एप्रिल-मे मध्ये नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी माशा सावलीला जातात, आणि अकराला सुरू केलेली मोजणी म्हणजे रिकामं वावर मोजणं. उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू करा. हिवाळ्यात मात्र दव सुकेपर्यंत थांबा.

पण ऋतूपेक्षा महत्त्वाचं आहे पीक, कारण फूल आपल्या वेळेनं उघडतं आणि माशी फुलाच्या वेळेनं येते. जवसाच्या पाकळ्या दुपारपर्यंत गळून जातात, जवसात दुपारी गेलात तर मोजायला फूलच नाही. कोहळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि ऊन चढलं की मिटतं. दोडकं संध्याकाळी उघडतं. तुरीवर मोठ्या माशा ऊन तापल्यावर जास्त दिसतात, म्हणून तुरीत फक्त सकाळी सातला मोजून "माशा नाहीत" लिहिणं चूक आहे. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, आणि माशांच्या कामाचं ते पहिल्या दिवशीच, तेव्हा फुलं मोजताना दोन्ही रंग वेगळे मोजा. संत्र्यात आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीचा आणि मृग बहार जून-जुलैचा, दोन्हींचं हवामान इतकं वेगळं की आकडे एकत्र करायचेच नाहीत.

तुमच्या पिकासाठी दोन किंवा तीन वेळा ठरवा, उदाहरणार्थ तुरीसाठी सकाळी नऊ, दुपारी बारा, दुपारी तीन, आणि प्रत्येक वावर प्रत्येक वेळेला मोजलं गेलं पाहिजे. एकच वावर रोज पहिलं आणि दुसरं रोज शेवटचं असं करू नका, क्रम फिरवत राहा. मोजणारा माणूस पण फिरवा, नाहीतर एक जण कायम वरूड तालुक्यात आणि दुसरा कायम काटोलात असला तर फरक तालुक्याचा की डोळ्याचा हे कळत नाही.

बहराच्या काळात प्रत्येक वावरात निदान तीन भेटी: फुलं सुरू होताना, ऐन भरात, आणि संपत येताना.

थांबा जर: पाऊस पडतोय किंवा पानं अजून ओली आहेत, वाऱ्यानं फांद्या हलायला लागल्यात, किंवा वीज चमकतेय. विजेच्या वेळी उघड्या वावरात किंवा एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. आणि फवारणी झालेल्या वावरात किमान तीन दिवस जाऊ नका, डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर तितके दिवस. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ही गोष्ट आपल्या भागात कोणी हलक्यात घेऊ नये.

## टप्पा ६: चालत मोजणी

हा सर्व्हेचा कणा. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं नीट केलं तर वही उपयोगी पडते.

१. वावराच्या आत पन्नास मीटरची सरळ ओळ आखा, एक मीटर डावीकडं, एक मीटर उजवीकडं, म्हणजे दोन मीटरचा पट्टा. दुसरी तशीच ओळ धुऱ्याला लागून. दोन्ही वेगळ्या नोंदवा. तास काढलेल्या दिशेनं चाललात तर पीक मोडत नाही.

२. सुरू करायच्या आधी लिहा: तारीख, वेळ, तापमान, ढग, वारा, मोजणारा, लिहिणारा. हे नंतर आठवून लिहिलेलं चालत नाही.

३. चौकोन पाच ठिकाणी टाकून उघडी फुलं मोजा. माशांचा आकडा फुलांच्या आकड्याशिवाय अर्धवट आहे, कारण जिथं फुलं तिप्पट तिथं माशा जास्त दिसणारच. धुऱ्यावरची फुलं पण मोजा. तरोटा, घाणेरी, गाजरगवत, कंबरमोडी यांच्यावर बारक्या माशांची गर्दी असते आणि लोक त्यांना तण म्हणून सोडून देतात.

४. एक जण बघेल, एक जण लिहील. सावकाश चला, पन्नास मीटरला बरोबर दहा मिनिटं. फक्त पट्ट्यातल्या आणि फुलाला लागलेल्या माशा मोजा, वरून उडून जाणाऱ्या नाही. कपाशीत पानाच्या मागच्या शिरेवर पण मध पाझरतो आणि तिथं माशा, गांधीलमाशा, मुंग्या येतात, त्या "पानावर" म्हणून वेगळ्या रकान्यात.

५. मागं वळून बघायचं नाही, मागं जाऊन मोजायचं नाही. आपली सावली फुलांवर पडणार नाही अशा बाजूनं चला.

६. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. मोठ्या अक्षरात. रिकामा रकाना म्हणजे "मोजलं नाही", शून्य म्हणजे "मोजलं आणि नव्हतं", या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्या हिशेबाचा अर्थ त्यावर ठरतो.

तपासा: वावर सोडण्याआधी तक्ता बांधावर बसून वाचा. एकही रकाना रिकामा राहिला असेल तर तिथंच भरा.

आग्याबद्दल: पोळं दिसलं की पन्नास मीटरच्या आत जायचं नाही, धूर नाही, दगड नाही, खाली बसून फोटो नाही. माशा उठल्या तर हात न झटकता तोंड-डोळे झाकून पळा, घरात किंवा बंद गाडीत शिरा, विहिरीत-तळ्यात उडी मारू नका. काटा नखानं लगेच खरवडून काढा, कारण तो रुतून राहिला की विष जात राहतं आणि त्याच्या वासानं आणखी माशा येतात. खूप डंख झाले, किंवा एकाच डंखानं तोंड सुजलं, श्वास लागला, चक्कर आली, तर वाट न बघता १०८ ला फोन आणि जवळचं सरकारी हॉस्पिटल. कोणाला आधी असा त्रास झालेला असेल त्याला या कामात घेऊ नका.

## टप्पा ७: जाळी, ती पण जपून

चालत मोजणी संपल्यावर जाळी, आधी कधीच नाही, कारण जाळी फिरली की पट्ट्यातल्या माशा पांगतात. वेळ इथंही ठरलेला, समजा वीस मिनिटं. माशी नळीत घालताना घड्याळ थांबवा आणि नंतर परत सुरू करा.

माशीवर जाळी झटक्यानं फिरवा आणि लगेच मनगट वळवून तोंड बंद करा. जाळीचं टोक वर धरा, माशी वर चढते, मग खालून नळी सरकवा. नळी बर्फाच्या डब्यात काही मिनिटं ठेवली की माशी शांत बसते. वरून, बाजूनं, तोंडाचा आणि पंखाच्या शिरांचा असे फोटो घ्या, खाली स्केल ठेवा, नंतर ती उन्हात ऊब घेऊन उडून जाते. माझं स्पष्ट मत आहे की विद्यार्थी प्रोजेक्टसाठी बहुतेक वेळा एवढंच पुरतं. नमुना ठेवायचा तो ज्या गटाची फोटोवरून ओळख होत नाही त्याचाच, आणि प्रत्येक गटाचे मोजकेच.

## टप्पा ८: रंगीत वाट्या

पिवळी, पांढरी, निळी अशी प्लास्टिकची वाटी, आत पाणी आणि बिनवासाच्या भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, फुलांच्या उंचीवर काडीला बांधून, पाच-पाच मीटरवर. सकाळी लावायच्या, त्याच संध्याकाळी काढायच्या. उन्हाळ्यात पाणी आटतं, दुपारी एक चक्कर मारा.

यात दोन गैरसमज आहेत. एक, वाट्यांमुळं सगळं कळतं. नाही कळत, बारक्या माशा पडतात, भुंगे आणि आग्या क्वचितच. दोन, कमी माशा पडल्या म्हणजे वावरात माशा कमी. ऐन बहरात हजारो खरी फुलं समोर असताना वाटीकडं कोण येणार, म्हणून वाटीचा आकडा फुलांच्या आकड्यासोबतच वाचायचा. रात्रभर किंवा चार-चार दिवस वाट्या ठेवू नका, जीव विनाकारण मरतात आणि नमुने कुजतात.

सावधान: पाणी टिकावं म्हणून गाडीचं कूलंट टाकायचा सल्ला कुठं वाचलात तर तो आपल्याकडं वापरू नका. ते गोड लागतं, बकऱ्या-ढोरं पितात आणि मरतात.

## टप्पा ९: नमुना आणि चिठ्ठी

चिठ्ठी नसलेली माशी कचरा आहे. प्रत्येक नमुन्यासोबत: जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या फुलावर, जाळी की वाटी, गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलनं लिहा, बॉलपेन आणि जेलची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. चिठ्ठी नळीच्या आत, नुसती बाहेर चिकटवलेली सुटते.

ओले नमुने साबणाच्या पाण्यात हलक्या हातानं धुऊन, टिश्यूवर टिपून, केस फुलेपर्यंत वाळवा, चिकटलेल्या केसांची माशी तज्ज्ञालाही ओळखता येत नाही. टाचणी छातीच्या मध्यापासून थोडी उजवीकडं. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका, नाहीतर बुरशी चढते. डीएनएसाठी ठेवायचे असतील तर ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल आणि फ्रीज.

ओळखीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला कीटकशास्त्र विभाग किंवा पुण्याचं प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र इथं आधी पत्र किंवा मेल करून विचारा, नमुने थेट पाठवू नका.

## टप्पा १०: घरटी बघा

फुलं संपली की बहुतेक सर्व्हे बंद पडतात, खरं तर तेव्हा बघायला हवं की माशी राहते कुठं. कडक उघड्या मातीचा धुरा, पांदण रस्त्याची कड, विहिरीचा काठ, इथं पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक भोकं आणि तोंडाशी मातीचा ढीग दिसतो. मुंगीचं बीळ आहे का माशीचं हे दहा मिनिटं बसून बघितल्याशिवाय लिहू नका. एरंडाच्या, घाणेरीच्या वाळक्या काड्यांत बारक्या माशा, सुक्या लाकडात, बांबूत, जुन्या वाशांत भुंगा. वावरातली वाळकी काडी, पऱ्हाटी-तुराटी कधी जाळतात ते पण नोंदवा.

## टप्पा ११: नोंदी त्याच संध्याकाळी

तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मग कॉम्प्युटरवर एक फेरी, एक गट, एक ओळ अशा पद्धतीनं भरा, शून्यासकट. गटांची नावं एकाच पद्धतीनं लिहा, कुठं "सातेरी" कुठं "सातेरी माशी" असं झालं की मोजदाद चुकते. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना कास्तकाराची हरकत नाही ना हे विचारा, नाहीतर वावराचं नेमकं ठिकाण झाकून टाका.

हंगाम संपल्यावर प्रत्येक कास्तकाराला त्याच्या वावराचा एक पानाचा निकाल मराठीत द्या: कोणत्या माशा दिसल्या, फोटो, कोणत्या वेळेला जास्त होत्या. ती वेळ त्याला कळली की फवारा संध्याकाळी माशा परतल्यावर मारायचा हे तो स्वतःच ठरवू शकतो. कागद घेऊन जातानाच पुढच्या हंगामाची परवानगी पण विचारून घ्या आणि पेरा काय आहे ते लिहून आणा.